सरकारांना कावळा शिवेना

साडेअकरा वाजून गेले तरी कावळा शिवला नव्हता.

सकाळी साडेआठपासून रानमाळेकरांचं अख्खं खानदान पंचगंगेच्या घाटावर उन्हात उभं होतं. समोर केळीच्या पानावर राजवर्धनराव सरकारांच्या आवडीचं सगळं मांडलेलं होतं. तांबडा रस्सा, सुकं मटण, खिम्याचे वडे, मघई पान, परदेशी सिगारेटचं पाकीट, आणि गुरुजींची नजर चुकवून मुलगा यशराजनं हळूच ठेवलेली एक छोटी बाटली. कावळे नव्हते असं नाही. समोरच्या पिंपळावर चांगले दहा-बारा बसले होते, खाऊन-पिऊन सुखी. पण एक जण खाली उतरेल तर शपथ. शेजारी एका रिटायर्ड मास्तरांचं रक्षाविसर्जन होतं. त्यांच्या पानावर नुसता दहीभात नि एक पेढा. मास्तरांचा मुलगा ते ठेवून चार पावलं मागं सरतोय तोच कावळा उतरला, शिवला, आणि ती मंडळी 'सुटले बिचारे' म्हणत घरी जाऊन जेवलीसुद्धा.

आता खरं बोलायचं तर सरकारांची रक्षा म्हणजे तरी काय होती? तीनशे साठ पळसाची पानं आणि एक नारळ. अडतीस वर्षांत ज्याचं नख सापडलं नाही, त्याला जाळायचा कसा? म्हणून शास्त्रानं सांगितलं तसा पानांचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ बसवला आणि परवा त्याला अग्नी दिला. नारळ फट्‌दिशी फुटला तेव्हा लेक वर्षाराणी 'आबासाहेबऽ' म्हणून कोसळली, आणि तिला सावरायला धावलेल्या चार बायकांना हसू आवरेना म्हणून त्यांनीही पदर तोंडाला लावला. लांबून बघणाऱ्याला वाटलं, घरात लई दुःख आहे.

एवढं सगळं झालं ते एका लग्नपत्रिकेपायी. यशराजची मुलगी पूर्णिमा, तिचं लग्न ठरलं. शाहूपुरीतल्या छापखानेवाल्यानं फोन करून सरळ विचारलं, "मालक, आजोबांच्या नावामागं श्री. घालू का कै.?"  आपला बाप आहे का नाही हे छापखान्यात सांगता येत नाही, ही गोष्ट यशराजला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा नीट बोचली. 'श्री.' घालावं तर व्याही विचारणार, मग लग्नाला येणार का? 'कै.' घालावं तर कधी गेले, कशानं गेले, दाखला कुठाय? आणि दोन्हीच्या मागून तिसरा प्रश्न आलाच, तो कुणी तोंडावर विचारत नाही पण रानमाळेकरांच्या पंगतीत पहिला घास घेताना प्रत्येकाच्या मनात असतोच: त्या आचाऱ्याला मारलं कुणी?

१९८६ सालची गोष्ट. शिमग्याच्या आधीचा आठवडा, भर दुपार. पाहुण्यांची पंगत उठली, घर कलंडलं, आणि तासाभरानं मुदपाकखान्यात कृष्णात आचारी डोकं फुटून पडलेला सापडला. शेजारी वरवंटा. सरकारांची जीप संध्याकाळी कळंबा तलावाच्या काठाला मिळाली, दार उघडं, किल्ली तशीच. तळ्यात गळ टाकले, पाणबुडे उतरवले, हाती आली ती एक चप्पल, तीही दुसऱ्याच कुणाची. तेव्हापासून सरकार बेळगावात दिसले, गोव्यात दिसले, एकदा तर नेपाळात रुद्राक्ष विकताना दिसले. फक्त घरी तेवढे दिसले नाहीत. खटला उभा राहिला नाही आणि फाईल मिटलीही नाही.

"आबासाहेब," यशराजनं पानासमोर हात जोडले. ही सातवी खेप. "पूर्णिमाचं लग्न झोकात करतो. काही काळजी करू नका."

पिंपळावरचा एक कावळा मान वाकडी करून बघू लागला. सगळ्यांनी श्वास धरला. कावळ्यानं पंखाखाली चोच घातली आणि खाजवत बसला.

"तालमीला तुमचं नाव देतो."

काही नाही.

"दारू सोडतो!"

"कुणाची? त्यांची का तुझी?" मागून वर्षाराणी म्हणाली. "बाटली तर तूच ठेवलीयस समोर."

"तू गप की जरा! माणूस मनापासनं बोलतंय."

"मनापासून बोललास तर तो येईल तरी. दादा, तुला कळत कसं नाही? कावळा शिवत नाही कारण आबासाहेब आहेत. जिवंत आहेत! गोकर्णात मी त्यांना या डोळ्यांनी बघितलंय. समुद्राकडं तोंड करून शहाळं पीत होते."

"मग हाक का मारली न्हाईस?"

"मारली. त्यांनी वळून बघितलं आणि चालायला लागले."

"कुणीबी चालायला लागंल. सारखी किंचाळतीस."

वर्षाराणीचं डोकं तापलं. ती सांगलीहून आली होती ती मुळातच भांडायच्या तयारीनं. वडील गेले तेव्हा ती सात वर्षांची. तिच्याकडं त्यांच्याबद्दल एवढीच शिदोरी होती: सरकार घोड्यावरून आले, सरकारांनी पन्हाळ्यावर एका बैठकीत बारा वाट्या तांबडा रस्सा ओरपला, डोळ्यांत टिपूस नाही, कपाळाला घाम नाही. सासरी कुणी रानमाळेकरांचं नाव काढलं की ती या बारा वाट्या बाहेर काढायची. तो माणूस मेला म्हणून दाखल्याच्या कागदावर सह्या करायच्या, तेही छापखानेवाला थांबलाय म्हणून? तिला ते पटत नव्हतं. पण सही तिनं केली होती, कारण पूर्णिमाच्या हळदीचा सगळा कारभार तिच्या हातात दिला होता, आणि तो सोडायला ती तयार नव्हती.

"समजा गुरुजी," तिनं आता मोर्चा तिकडं वळवला, "आबासाहेब उद्या परत आले, तर?"

गुरुजी भुकेनं कळवळले होते, पण शास्त्राचा प्रश्न आला की त्यांना तरतरी येई. "आहे की सोय! पालाशविधी झालेला माणूस परत आला तर त्याला मोठ्या घंगाळात तुपात बसवायचं. तो त्याचा नवा जन्म. मग बारसं करायचं, जावळ काढायचं, कान टोचायचे, सगळे संस्कार क्रमानं. आणि शेवटी स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न."

घाटाच्या पायरीवर खुर्ची टाकून बसलेल्या संयोगिताराजे आईसाहेब इतका वेळ नदीकडं बघत होत्या. त्या आता वळल्या. वय अडुसष्ट, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. ते पुसणार नाही असं त्यांनी परवाच सगळ्यांना बजावलं होतं, आणि आईसाहेबांनी बजावलेलं परत विचारायची घरात पद्धत नव्हती.

"पुन्हा लग्न? त्यांच्याशी?" आईसाहेब म्हणाल्या. "नको बाई. एकदा केलं तेवढं पुरं झालं."

पूर्णिमा फस्सकन हसली. तिनं मघाशी मोबाईलवर कावळ्याचा आवाज लावून बघितला होता. त्या आवाजानं पिंपळावरचे निम्मे कावळे उडून पलीकडच्या तीरावर गेले, आणि यशराजनं तिच्या हातातून मोबाईल काढून स्वतःच्या खिशात टाकला होता.

या सगळ्यापासून दहा हात लांब, सावलीची जागा धरून नागाप्पा हवालदार बसला होता. याला घाटावर कुणी बोलावलं नव्हतं, आणि याच्या येण्याचं कुणाला नवलही नव्हतं. गडहिंग्लजच्या पलीकडचा, सीमेवरचा गडी. शहाऐंशी साली नवाकोरा शिपाई होता तेव्हा साहेबांनी हुकूम दिला: या घरावर नजर ठेव, आरोपी लग्नाकार्याला येणारच. नागाप्पानं तो हुकूम प्राणापलीकडं पाळला. यशराजचं लग्न, वर्षाराणीचं लग्न, डोहाळजेवणं, बारशी, वास्तुशांत, एक पंगत चुकवली नाही. पहिली काही वर्षं तो साध्या वेशात यायचा आणि खांबाआडून बघायचा. मग कुणीतरी त्याला वाढायला लावलं. मग आहेर मिळायला लागला. चार वर्षांमागं रिटायर झाला तरी येत राहिला, आणि खाकी कापडाच्या पिशवीत त्या फाईलची एक झेरॉक्स कायम बरोबर.

"नागाप्पा, झालं ना आता तुझं काम?" यशराज रुमालानं मान पुसत त्याच्याकडं आला. "दाखला ठाण्यात दिला की संपलं?"

"संपलं की, सरकार. मेलेल्या माणसावर केस चालत न्हाई. आरोपी मयत, फाईल बंद. मग उघडत न्हाई कुणी." नागाप्पानं पिशवीवरून हात फिरवला. "अय्यो, मला तर करमायचं न्हाई बघा."

हे बोलणं पायरीवर बसलेल्या अंबूबाईनं ऐकलं.

अंबूबाई म्हणजे कृष्णात आचाऱ्याची लेक. माहेर कोडोलीचं, पण बाप रानमाळेकरांच्या चुलीशी आला आणि तीही आली. बाप गेला तेव्हा एकोणीस वर्षांची होती. नंतर ती कुठं गेली नाही. बापाचं उलथनं उचललं आणि चुलीसमोर उभी राहिली ती आजतागायत. यशराजला तिनं शाळेचे डबे दिले, पूर्णिमाला पहिला वरणभात भरवला. आज सरकारांच्या पानावरचं सगळंही तिनंच रांधलं होतं, पहाटे उठून, एक अक्षर न बोलता. आणि घरी शंभर माणसांचा स्वयंपाक झाकून, मुदपाकखान्याला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचून ती घाटावर आली होती.

बारा वाजले. आजोळचे मामा चक्कर येतीय म्हणून खाली बसले. यशराजच्या पोटात कावळे ओरडत होते, पिंपळावरचे मात्र गप्प होते. अखेर गुरुजींनी घसा खाकरला.

"मंडळी, किती वेळ थांबणार? शास्त्रात याचीही सोय आहे. दर्भाचा कावळा करू, तो पानाला शिववू, की झालं. सगळे करतात."

"करा," यशराज म्हणाला.

"करा करा," मामा म्हणाले.

वर्षाराणीनंही मान हलवली, कारण जिवंत बाप ही एक गोष्ट आणि बारा वाजताचं ऊन ही दुसरी.

गुरुजींनी दर्भाच्या दोन काड्या घेऊन पीळ घातला. तेवढ्यात अंबूबाई उठली, सरळ गुरुजींच्या पुढ्यात आली आणि त्यांच्या हातातलं गवत काढून घेतलं.

"न्हाई."

"अंबाक्का?" यशराज चमकला.

"न्हाई म्हंतो मी. गवताचा कावळा चालायचा न्हाई."

"अगं पण शास्त्रात..."

"माझ्या बाऽला गवताचाच लावलासा!" अंबूबाईचा आवाज एकदम एवढा चढला की पिंपळावरचे उरलेले कावळेही सावध झाले. "ह्याच घाटावर. आठवतंय का कुणाला? तीन तास कावळा बसला न्हाई. पोलिसांची गडबड, तुमची गडबड. म्हाताऱ्या गुरुजींनी गवात मुरगाळलं, भाकरीला लावलं, म्हनलं झालं, चला. मी म्हनलं, वहिनीसाब, बाऽ अडकलाय, त्याला कुनी मारलं त्ये सांगा म्हंजी सुटंल. तुमी म्हनलासा," ती आईसाहेबांकडं वळली, "अंबू, गुन्हेगार सापडला की मी तुला सांगीन. अडतीस वर्सं झाली. आता ह्यो हवालदार म्हंतोय फाईल बंद. मग मला कोन सांगनार? नारळ सांगनार?"

 नागाप्पानं टोपी काढली.

अंबूबाईनं आपल्या पिशवीतून एक छोटं पान काढलं, सरकारांच्या पानाशेजारी अंथरलं आणि डब्यातून त्यावर ताकात कुस्करलेली भाकरी वाढली. "सगळ्या जन्माचं मटान रांधलं, पन खाल्लं ह्येच," ती पुटपुटली. मग कमरेची किल्ली चाचपून पायरीवर मांडी ठोकून बसली. "कावळा येईस्तवर मी हलत न्हाई. आनि मी हलल्याबिगर मुदपाकखाना उघडत न्हाई. बसा आता समदी."

यशराजनं वर्षाराणीकडं बघितलं. वर्षाराणीनं मामांकडं बघितलं. मामांनी डोळे मिटून घेतले. घरात शंभर माणसांचं जेवण आणि किल्ली हिच्या कमरेला, म्हणजे एवढ्या सरदार घराण्याची सगळी सत्ता या क्षणी या एका बाईकडं होती, आणि हे सगळ्यांना एकदमच कळलं.

"आईसाहेब, तुम्ही सांगा की हिला," यशराज काकुळतीला आला.

"कुनी कुनाला सांगू नका," अंबूबाई म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. ती आता फक्त आईसाहेबांकडं बघून बोलू लागली. "वहिनीसाब, मला भांडन काढायचं न्हाई. सरकारांनी मारलं का आनि कुनी, त्ये तरी लांबच ऱ्हायलं. मला एवढंच कळाय पायजे, माझ्या हातनं चूक झाली का न्हाई."

"तुझ्या हातून?" आईसाहेब म्हणाल्या. "तुझा काय संबंध?"

"त्या दिवशी पंगतीत मीच वाढत हुतो न्हवं. सरकारांची वाटी येगळी असायची. चांदीची, कड उलीशी चेपलेली. बाऽ सारखा बजवायचा, अंबे, त्या वाटीत चूक करू नगंस. त्या दिवशी सरकारांनी घास घेतला आनि त्यास्नी ठसका लागला. मी बघितलं. डोळं लाल, नाक गळतंय, पाव्हन्यांपुढं तांब्याभर पानी प्यायलं. पाव्हनं हासलं. मला वाटलं, झालं, मीच वाटी चुकवली. सरकार रागवनार. तासाभरानं बाऽ मेला. कुनी मारलं मला ठावं न्हाई, पन त्या वाटीपायी मारलं असंल, असं मला रोज वाटतंय. रोज वाढताना वाटतंय. माझ्या हातानं माझा बाऽ गेला का, एवढं सांगा, मग काय गवात लावायचं त्ये लावा."

संयोगिताराजे आईसाहेबांनी खुर्चीचा हात धरला.

इतकी वर्षं त्यांनी हे गाठोडं एकटीनं सांभाळलं होतं, आणि त्यांची समजूत अशी की त्याचं वजन एकट्या त्यांनाच आहे. सांगून कुणाचं भलं होणार? मुलांच्या बापाला खुनी ठरवायचं, घराचं नाव घालवायचं, आणि मेलेला काही परत येत नाही. असं त्या रोज देवघरात स्वतःला सांगायच्या. आणि या भिंतीपलीकडं, चुलीपाशी, ही बाई रोज वाटीत रस्सा ओतताना आपल्याच हाताकडं संशयानं बघत होती. अडतीस वर्षं. आपण हिच्या हातचं जेवलो. आईसाहेबांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांचं मन भरून यायच्या आधी राग भरून आला.

"यश, मला उठव," त्या म्हणाल्या.

त्या उठल्या, काठी टेकत खाली आल्या आणि अंबूबाईसमोर पायरीवर बसल्या. आईसाहेबांना असं जमिनीवर बसलेलं पूर्णिमानं जन्मात पाहिलं नव्हतं.

"ऐक, अंबू. तू वाटी चुकवली नाहीस. वाटी मी बदलली."

"काय?"

"मी. मुद्दाम. तुझ्या बापानं दोन रस्से केले होते, रोज करायचा. पाहुण्यांचा खरा, आणि ह्यांचा नुसत्या ब्याडगी मिरचीचा. रंग लालभडक आणि तिखटाच्या नावानं शून्य. ह्यांना तिखट चालायचंच नाही. पोटात व्रण होते. लग्नाच्या आधीपासून."

"आबासाहेब तिखट खात नव्हते?" वर्षाराणी ओरडली.

"हळू बोल!" यशराजनं इकडं तिकडं बघितलं. "लोकं हायत!"

"पण बारा वाट्या! पन्हाळ्यावर!"

"बाराही ब्याडगीच्या," आईसाहेब म्हणाल्या. "रात्री दूध-भात खाऊन झोपायचे. कृष्णातला ठाऊक, मला ठाऊक. आणि पंगतीत बसले की मिशीला पीळ देऊन पाहुण्यांना म्हणायचे, तिखट सोसत नाही तो मराठा कसला. त्या दिवशी माझ्या भावाला म्हणाले. तो बिचारा साधा माणूस, डोळे पुसत जेवत होता, आणि हे सगळ्यांसमोर त्याला हसले. माझ्या मस्तकात गेलं. दुसऱ्या वाढपाला ह्यांची वाटी आत भरून ठेवली होती, मी त्या चेपक्या वाटीतला रस्सा ओतून दिला आणि खरा भरला. म्हटलं, बघू देत एकदा काय लागतं ते."

खाली बसलेल्या मामांनी आता डोळे उघडले. "ते माझ्यासाठी केलंस होय, ताई?" त्यांनी विचारलं. 

"दुपारी पाहुणे गेले," आईसाहेब पुढं बोलत राहिल्या, न थांबता, थांबलं तर परत जमायचं नाही म्हणून. "हे मुदपाकखान्यात गेले. मी मागून गेले, खरं सांगायला. तोवर ह्यांचा आरडाओरडा सुरू होता, तू मला उघडा पाडलास म्हणून. कृष्णात नुसता हात जोडून उभा. आणि अंबू, त्याला कळलं होतं. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं, त्याला कळलं होतं वाटी कुणी बदलली ते. तरी त्यानं माझं नाव घेतलं नाही. म्हणाला, चुकी झाली सरकार. ह्यांनी वरवंटा उचलून फेकला. नुसता रागानं फेकला गं. आयुष्यभर शिकारीला गेले, एक ससा मारता आला नाही ह्यांना. त्या दिवशी नेम लागला."

 अंबूबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"मीच म्हटलं, जावा, दोन दिवस बेळगावला थांबा, मी बघते. पोलिसांना सांगितलं मी झोपले होते. हे गेले ते गेलेच. मला वाटायचं, येतील, मग त्यांना पुढं उभं करून सगळं सांगीन. त्यासाठी कुंकू लावत बसले मी. दुसऱ्या कशासाठी नाही." आईसाहेबांनी अंबूबाईचे दोन्ही हात धरले. "तुझ्या हाताची काही चूक नाही. हा हात चांगला आहे. चूक माझ्या हाताची. आणि तू माझ्या ताटात रोज वाढत राहिलीस."

"वहिनीसाब," अंबूबाई कशीबशी म्हणाली, "लई उशीर केलासा वो. लई उशीर."

"केला."

"माझं निम्मं आयुष्य गेलं की ह्यात."

"गेलं, अंबू. मी भरून देऊ शकत नाही."

नागाप्पा पिशवीतून कागद काढून उभा राहिला होता, पण त्याचं पेन चालेना. त्यानं ते दोनदा झटकलं, एकदा जिभेला लावलं आणि शेवटी तसंच खिशात ठेवलं. "आईसाहेब," तो म्हणाला, "मी रिटायर माणूस. मला लिहून घ्यायचा अधिकार न्हाई. हे तुम्हाला ठाण्यात येऊन सांगावं लागंल."

"उद्या येते. तू बरोबर चल. फाईल बंद व्हायच्या आत त्यात लिहिलेलं असू दे."

"आईसाहेब, अहो पत्रिका! व्याही काय म्हणतील?" यशराजचं तोंड पांढरं पडलं होतं. "पत्रिकेत काय घालायचं मग, श्री. का कै.?"

"फरारी घाल," आईसाहेब म्हणाल्या.

आणि तेवढ्यात वर्षाराणीनं यशराजचा दंड गच्च धरला. "दादा. दादा, बघ."

पिंपळावरून एक कावळा सुटला होता. चांगला मोठा, मानेला करडी झाक. सगळे जागच्या जागी थिजले. मामासुद्धा. कावळा पायरीवर उतरला, दोन उड्या मारत सरकारांच्या पानापाशी आला. तांबडा रस्सा बघितला, सुकं मटण बघितलं, सिगारेटचं पाकीट बघितलं. यशराजचे ओठ हलत होते. कावळ्यानं बाटलीला वळसा घातला, पुढं गेला आणि शेजारच्या छोट्या पानावरची ताकातली भाकरी एक घास उचलून, चोच वर करून गिळली. मग आणखी एक घास. घाई नव्हती त्याला. पोटभर खाल्लं आणि उडाला.

"बाऽ," अंबूबाई म्हणाली. तिनं कपाळ पायरीला टेकलं आणि ती मोठ्यानं रडली, एकोणिसाव्या वर्षी रडायचं राहिलं होतं ते सगळं. पूर्णिमा तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. वर्षाराणीही रडली, बारा वाट्यांसाठी असेल नाहीतर आणखी कशासाठी, पण या खेपेला कुणी हसलं नाही.

कावळे पिंपळावर होते तसे बसले होते. पाव तास गेला. आणखी पाव तास. दुसरा काही उतरला नाही.

गुरुजींनी सरकारांच्या पानाकडं बघितलं, मग आईसाहेबांकडं, आणि भीत भीत विचारलं, "सरकारांचं काय करायचं?"

आईसाहेबांनी अंबूबाईकडं बघितलं. अंबूबाईनं तोंड पुसलं. मघाशी गुरुजींच्या हातातून घेतलेल्या दर्भाच्या काड्या अजून तिच्या मुठीतच होत्या, चुरगळलेल्या. तिनं त्या सरळ केल्या, पीळ घालून गाठ मारली, चोच काढली. चांगला जमला. एकदाच बघितलं होतं तिनं, पण विसरली नव्हती. उठून तिनं तो गवताचा कावळा सरकारांच्या तांबड्या रश्शात बुडवला आणि पानावर टाकून दिला.

"शिवला," ती म्हणाली, आणि कमरेची किल्ली सोडली. "चला समदी, जेवाय वाढतो."